भाड्यानं घेऊन बघण्याजोगे थरारपट आणि गंभीर सिनेमे सुचवा (अट: बाबांना खुनी ओळखता येऊ नये)

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)
मंडळी, तीन दिवस झड लागलीय. आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी तीस फुटांच्या पुढं गेलंय. घाबरण्यासारखं काही नाही, इशारा पातळी चाळीसला आहे, पण घराबाहेर पडावंसं वाटत नाही. आई-बाबा सध्या माझ्याकडंच आहेत. मालिका बघून बाबा वैतागलेत. म्हणून शनिवार-रविवारसाठी दोन-तीन सिनेमे पैसे भरून घ्यावेत म्हणतोय. थरारक किंवा गंभीर, पण अलीकडचे. चारशेच्या आत बसवा.

आता अडचणी ऐका. बाबा कोर्टात शिरस्तेदार होते. कुठलाही रहस्यपट लावा, विसाव्या मिनिटाला "हा मेव्हणा" म्हणतात आणि शेवटी मेव्हणाच निघतो. त्यानंतरचे दोन तास ते घोरतात आणि आम्ही संवाद अंदाजानं ऐकतो. आईला खालची अक्षरं वाचायला लागली की ती म्हणते, "मी काय परीक्षेला बसलेय का?" आणि 'नको तो' प्रसंग आला की रिमोट मिळत नाही. मिळालाच तर बायकोनं त्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड लावून ठेवलेत, बटण दाबलं जात नाही. तोवर प्रसंग संपलेला असतो आणि सगळे पंख्याकडं बघत असतात.

सुचवा.

तासगावी_बेदाणा
सिनेमा भाड्यानं? आमच्याकडं ट्रॅक्टर भाड्यानं घेतात. डिझेल कुणाचं?

पोवई_नाका (सातारा)
बेदाणा, तुमचं वय कमी दिसतंय. आम्ही सिनेमा भाड्यानंच बघत मोठे झालो. गणपतीत गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचा, सोबत रंगीत टीव्हीपण भाड्याचाच, आणि एका रात्रीत तीन पिक्चर. पहिला देवाधर्माचा, म्हणजे म्हाताऱ्या खूश होऊन झोपायला जायच्या. दुसरा मारामारीचा. तिसरा सुरू होईपर्यंत निम्मी गल्ली सतरंजीवर आडवी.

लायब्ररीवाला कॅसेट परत घेताना पुढचं झाकण अंगठ्यानं उचलून फीत उजेडात धरायचा. बुरशी दिसली की अनामत गेली. फीत गुंडाळून नाही दिली तर दोन रुपये दंड. मी एकदा ते दोन रुपये वाचवायला अख्खी कॅसेट पेन्सिल घालून फिरवायला बसलो होतो. ऑडिओ कॅसेटची युक्ती त्या जाडजूड कॅसेटला चालत नाही हे अर्ध्या तासानं कळलं.

असो. सिनेमा: वाळवी. मराठी आहे, म्हणजे आईंचा प्रश्न मिटला. परेश मोकाशींचा, २०२३ चा, राष्ट्रीय पुरस्कारही मिळालाय. खून करायचा बेत पहिल्याच रिळात तुमच्यासमोर ठरतो, त्यामुळं 'खुनी कोण' हा प्रश्नच नाही. बेत कसा कसा फिसकटतो एवढंच बघायचं. बाबांची पंचाईत होईल.

कृष्णाकाठ
वाळवी थिएटरला बघितलाय सगळ्यांनी. बाबा जागे होते, हे मात्र खरं.

भडंगप्रेमी
अंधाधुन!! डोळे झाकून घ्या (कोटी मुद्दाम केलेली नाही).

नुसताच_वाचक
अंधाधुन २०१८ चा. अलीकडचा?

भडंगप्रेमी
आमच्या घरी लॉकडाऊनच्या आधीचं सगळं 'परवाचं' असतं. आणि पुण्यात घडतो. आपल्या माणसाला पुण्यात कायतरी वाईट घडताना बघून जरा बरंच वाटतं.

मिरजेची_तंबोरी
अंधाधुनच्या शेवटावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. मी सशाच्या पक्षातली. ज्यांना कळलं त्यांना कळलं.

पण कृष्णाकाठ, मुद्द्याचं सांगते. पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी तपासा. एक, तुम्ही आधीच भरलेल्या वर्गणीत तो सिनेमा आहे का. मी एका ठिकाणी दीडशे रुपये मोजून सिनेमा घेतला, आणि पुढच्याच आठवड्यात तोच सिनेमा तिथंच वर्गणीदारांना फुकट. तक्रार केली तर "तुमच्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद" असं उत्तर आलं. दुसरं, मुदत. साधारणपणे पैसे भरल्यापासून सुरू करायला तीस दिवस मिळतात, पण एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा. कसा आहे बघायला म्हणून दोन मिनिटं लावला तरी घड्याळ चालू. आमच्या सासूबाईंनी नावं बघायला म्हणून लावला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पैसे मागायला लागला.

तासगावी_बेदाणा
म्हणजे दूध तापत ठेवल्यासारखं. एकदा गॅस लावला की हलायचं नाही.

मोकळा_वेळ
पैसे कशाला घालवताय, माझ्याकडं लिंक आहे, हवी असेल तर

धागा_राखणदार
वरचा प्रतिसाद अर्धा उडवला आहे. चोरीच्या लिंका इथं चालणार नाहीत, दर वेळी सांगावं लागू नये.

काळाकोट (सातारा)
शिरस्तेदारसाहेबांना माझा नमस्कार सांगा. कोर्टातल्या माणसाला कोर्टाचाच सिनेमा द्यावा, म्हणजे तो खुनी शोधायचं सोडून चुका शोधत बसतो. दोन सुचवतो.

ज्युरर नंबर २. क्लिंट ईस्टवूडनं नव्वदी पार केल्यावर, २०२४ साली काढलेला. खुनाचा खटला चालू आहे आणि ज्युरीत बसलेल्या एका सज्जन माणसाच्या ध्यानात येतं, की त्या रात्रीशी आपलाच काही संबंध असावा. हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं, त्यामुळं रहस्य फोडलं म्हणून माझ्यावर येऊ नका. पुढं नुसतं अस्वस्थ व्हायचं.

आपल्याकडंही ज्युरी होती. नानावटी खटल्यात १९५९ ला आठ विरुद्ध एक मतानं त्यांनी आरोपीला निर्दोष ठरवलं. सेशन जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं. हायकोर्टानं दोषी धरलं आणि १९६१ ला सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. ती देशातली शेवटची ज्युरी केस होती असं जिथंतिथं लिहिलेलं असतं, ते चूक आहे. त्यानंतरही काही वर्षं काही ठिकाणी ज्युरी बसत होती. जाता जाता सांगून टाकलं.

दुसरा, अनॅटॉमी ऑफ अ फॉल. फ्रेंच, २०२३, कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार. बर्फातलं घर, वरच्या मजल्यावरून पडून नवरा मेलेला, लेखिका असलेल्या बायकोवर आरोप, आणि साक्षीदार म्हणजे दृष्टी अधू असलेला त्यांचा मुलगा. तिथं तीन न्यायाधीश आणि सहा ज्युरर एकत्र बसून निकाल देतात, सरकारी वकील लाल झग्यात असतो आणि प्रश्नोत्तरं इतकी मोकळी चालतात, की आमच्या कोर्टात कुणी तसं बोललं तर साहेब चष्मा काढून बघतील.

भडंगप्रेमी
तो बघितलाय. अडीच तास बसवून शेवटी तिनं मारलं का नाही ते

काळाकोट
थांबा!

भडंगप्रेमी
थांबलो. पण पैसे परत मिळायला पाहिजेत एवढंच म्हणणं.

मिरजेची_तंबोरी
मला नेमकं तेच आवडलं. नवराबायकोच्या त्या एका भांडणाचं ध्वनिमुद्रण कोर्टात ऐकवतात तो प्रसंग बघा. ऐकताना मी स्वयंपाकघरात जाऊन आले. आपलंच कुणीतरी रेकॉर्ड केलंय असं वाटलं.

आणि त्यातला कुत्रा! त्याला कानमध्ये कुत्र्यांसाठीचा वेगळा पुरस्कार मिळाला.

तासगावी_बेदाणा
आमच्या वस्तीवरचा कुत्रा रोज रात्री यापेक्षा भारी अभिनय करतोय. चोर आलाय असं दाखवतो, भाकरी मिळाली की चोर गेला.

कंदीपेढा
महाराजा बघा, विजय सेतुपती. सलूनवाला पोलीस ठाण्यात कचऱ्याचा डबा चोरीला गेल्याची तक्रार घेऊन जातो आणि हटून बसतो. पोलीस हसतात, आपणही हसतो. नंतर हसू कुठल्या कुठं जातं. काळ इतका मागंपुढं फिरवलाय की कुणाच्याही बाबांना पत्ता लागणार नाही.

मिरजेची_तंबोरी
कंदीपेढा, सिनेमा भारी आहेच, पण त्यांच्या आई सोबत बसणार आहेत. त्यात मारहाण आहे, अत्याचाराचा भागही आहे. रबरबँडवाल्या रिमोटनं निभावणार नाही. कृष्णाकाठ, हा तुम्ही एकटे बघा.

कंदीपेढा
ते खरं. मी माझ्या आईबरोबर बघितला आणि मध्येच "चहा टाकतो" म्हणून उठलो. चहा उकळून उकळून काढा झाला.

वाईकर_घाटावरचा
चांगला सिनेमा बघायचाच असेल तर त्यात वाई ओळखायचा खेळ खेळा. गंगाजलमधला बिहार आमचा, ओंकारातलं उत्तर प्रदेश आमचं, दबंगमधलंही आमचं, स्वदेसचं गाव तर मेणवलीचा घाट. चेन्नई एक्स्प्रेसमधल्या तमिळनाडूचाही बराचसा भाग आम्हीच पुरवला. आम्हाला सिनेमात गोष्ट कधी कळत नाही. नायिका रडत असती आणि घरातले ओरडतात, "मागं बघ, आपल्या चुलत्यांचं दार!"

पोवई_नाका
मग ते भाडं तुम्हाला मिळायला पाहिजे.

वाईकर_घाटावरचा
चुलत्यांना एकदा मिळालं होतं. त्या पैशात दार रंगवलं. पुढच्या शूटिंगवाल्यांनी "जुनं दिसत नाही" म्हणून शेजारचं दार घेतलं.

हरिपूर_संगम
इतके दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते, कारण पावसाचा विषय निघालाय.

उल्लोझुक्कू नावाचा मल्याळम सिनेमा आहे, २०२४ चा. उर्वशी आणि पार्वती, सासू आणि सून. केरळात कुट्टनाडला पूर आलाय, घरातला मुलगा वारलाय, पण जमीन पाण्याखाली असल्यामुळं दफन करता येत नाही. पाणी ओसरेपर्यंत मृतदेह ठेवायचा आणि त्याच घरात सासूसुनेनं राहायचं. त्या दिवसांत एकेक झाकलेली गोष्ट वर येते. नावाचा अर्थ पाण्याच्या पोटातली ओढ असा काहीसा आहे. उर्वशीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यासाठी. थरारपट नाही, पण मी त्यात एकदाही फोन हातात घेतला नाही.

२०१९ ला आमच्या शेजारच्या आजी गेल्या, पाणी चढत असतानाच. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आणि त्या वेळी पाणी सत्तावन्नच्या वर गेलं होतं. स्मशानच पाण्यात. आम्ही चार घरं एका गच्चीखालच्या मजल्यावर होतो. आजोबा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेले. त्यांनी आजींबद्दल एक शब्द काढला नाही. दर थोड्या वेळानं एवढंच विचारायचे, "किती पायऱ्या दिसतात?" मी टॉर्च मारून सांगायची, सहा. मग, पाच. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली तेव्हा तीन होत्या. बोटीतून नेताना आजींच्या अंगावरची चादर मी चारी बाजूंनी खोचली होती, तरी एक टोक पाण्यात ओढत गेलं.

सिनेमात सासू खिडकीतून पाणी बघत बसते तो प्रसंग आला तेव्हा मी बंद केला. दुसऱ्या दिवशी पूर्ण बघितला. अठ्ठेचाळीस तास होते म्हणून बरं झालं, नाहीतर राहूनच गेला असता.

आईंना दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तुमचं घर पुरात होतं का मला माहीत नाही.

मिरजेची_तंबोरी
ताई.

पोवई_नाका
आमच्या भिंतीवर अजून २०१९ ची रेघ आहे असं माझी सांगलीची बहीण सांगते. रंग दिला तरी तेवढी सोडून दिला.

कृष्णाकाठ
हरिपूरताई, आमचं घर उंचावर आहे, पाणी आलं नाही. पण मामांचं गेलं होतं. आई तेव्हापासून पावसात बातम्या लावू देत नाही. सिनेमा मी एकटा बघेन. लिहिलंत ते बरं केलंत.

भडंगप्रेमी
मी मधेच येऊन हलकं काही लिहिणार होतो, जरा थांबतो.

नुसताच_वाचक
थांबू नका, आई-बाबांचा शनिवार उद्यावर आलाय.

कॉन्क्लेव्ह घ्या. २०२४ चा, राल्फ फाइन्स. पोप वारतात आणि सगळे कार्डिनल नवा पोप निवडायला आत कोंडून घेतात. दोन तृतीयांश मतं पडेपर्यंत बाहेर यायचं नाही, निर्णय झाला नाही तर काळा धूर, झाला तर पांढरा. रक्तपात नाही, नको तो प्रसंग नाही (सगळे सत्तरीचे धर्मगुरू), आणि तरी घशाला कोरड पडते.

तासगावी_बेदाणा
थांबा थांबा. म्हणजे मतदार एका जागी नेऊन ठेवायचे, फोन काढून घ्यायचे, आत कोण कुणाच्या खोलीत गेलं यावर नजर ठेवायची, जुनी भानगड ऐन मतदानादिवशी बाहेर काढायची? हा तर आमच्या भागातल्या कारखान्याच्या निवडणुकीचा सिनेमा आहे! फक्त आमचे मतदार सहलीला जातात आणि त्यांना पोहता येतं.

काळाकोट
धुराचंही साम्य आहे. गाळप सुरू झालं की कळतं कोण आलं ते.

भडंगप्रेमी
आलो परत. बाबांना हाच लावा. सांगली-साताऱ्यातला माणूस यात नुसता बघत नाही, पॅनेल बांधायला लागतो.

कंदीपेढा
आईंसाठी दशावतार. दिलीप प्रभावळकरांनी एक्याऐंशीव्या वर्षी काय काम केलंय! कोकण, दशावतारी कलावंत बाप, त्याचा मुलगा, आणि डोंगरावर डोळा ठेवून बसलेले खाणवाले. उत्तरार्धात जरा लांबतो, पण मेकअप चढवताना आरशात बघतो ना तो बाबुली, तेवढ्यासाठी पैसे वसूल.

पोवई_नाका
लांबतो म्हणजे चांगलाच लांबतो. पण प्रभावळकर दिसत असले की लांबलेलंही चालतं हे कबूल.

मिरजेची_तंबोरी
आणि बाबांना हरवायचंच असेल तर किष्किंधा कांडम. मल्याळम, २०२४, हिंदी आवाजात मिळतो. निवृत्त लष्करी म्हातारा, घरात नवीन सून, आजूबाजूला जंगल आणि माकडं. निवडणूक जाहीर झाल्यावर परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायची, तर बंदूक सापडत नाही. एवढ्यावरून जे सुरू होतं ते... नाही, पुढं नाही सांगत. बाबांना सुरुवातीलाच सांगा, अंदाज कागदावर लिहून ठेवा. तोंडी ग्राह्य धरला जाणार नाही.

काळाकोट
लेखी आणि सहीनिशी. शिरस्तेदारांना समजेल.

कृष्णाकाठ
(सोमवार) मंडळी, अहवाल.

कॉन्क्लेव्ह आणि दशावतार पैसे भरून घेतले, चारशेच्या आत बसले. किष्किंधा मुलीच्या वर्गणीत निघाला.

दशावतार: आई शेवटपर्यंत ताठ बसून. खाणवाल्यांना तिनं पडद्याकडं बघत अस्सल मिरजी शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. लांबलेल्या भागात डबा उघडून शेंगा फोडल्या, टरफलं माझ्या मांडीवर.

कॉन्क्लेव्ह: सुरू केल्यावर चाळीस मिनिटांत वीज गेली. रात्रभर नाही. सकाळी आली तेव्हा बाबा आंघोळीच्या आधीच टीव्हीसमोर. रात्रभर त्यांनी मतांची आकडेमोड केली होती, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चार उमेदवार आणि प्रत्येकापुढं रेघा. तुम्ही म्हणालात तसंच, पॅनेल बांधलं होतं. त्यांचा उमेदवार पडला. म्हणाले, "हा नियमबाह्य आहे, फेरमतमोजणी मागायला पाहिजे." पण झोपले नाहीत! खालची अक्षरं मी मोठ्यानं वाचून दाखवत होतो, शेवटी माझाच आवाज बसला.

किष्किंधा: काळाकोटसाहेबांच्या सांगण्याप्रमाणं लेखी आणि सहीनिशी. विसाव्या मिनिटाला बाबांनी चिठ्ठी लिहिली, घडी घातली, चष्म्याच्या डब्यात ठेवली आणि डब्यावर हात ठेवून बसले. एक तासानं म्हणाले, "जरा थांबव, मला चिठ्ठीत दुरुस्ती करायचीय." आईनं करू दिली नाही. म्हणाली, "कोर्टात चालतं का असं?" त्यावर गप्प.

म्हाताऱ्याला काही आठवत नाही आणि तो खोलीत बसून कागद चाळत असतो, त्या प्रसंगात बाबा टीव्हीच्या फार जवळ जाऊन बसले. मी मागं या म्हणालो नाही.

संपल्यावर बराच वेळ कुणी दिवा लावला नाही. मग आईनं डबा उघडला, चिठ्ठी माझ्या हातात दिली. बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द, खाली सही, तारीख आणि वेळ.

"माकड."

तासगावी_बेदाणा
बरोबर का चूक??

कृष्णाकाठ
ते सांगितलं तर मिरजेच्या तंबोरीताई तारा तोडतील. बाबा मात्र काल रात्रीपासून "अंशतः मान्य" म्हणतायत आणि अपील करणार आहेत.